परतीची तीन तिकिटं: भुसावळहून मांडवीवरच्या कॅसिनोपर्यंत

रोहिणी या सोमवारपासून तिच्या पाळीची सुपरवायझर झाली. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर ती पत्ते वाटायची. आता चार टेबलांवर लक्ष ठेवेल. बातमी पक्की आहे, कारण ती तिच्या वडिलांनी, भुसावळजवळच्या दीपनगरच्या नानांनी, स्वतः फोन करून दिली. दीड महिन्यापूर्वी हेच नाना तिला तिथून कायमची घरी आणायला निघाले होते आणि सोबतीला मी होतो.

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे शेजारी. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात आयुष्यभर शिफ्ट करून निवृत्त झालेले. मुलगी गोव्यात हॉटेलात रिसेप्शनवर आहे, असं घरात सगळे समजून होते. मग रावेरचे एक केळीचे व्यापारी गोवा फिरून आले आणि कॉलनीच्या चौकात म्हणाले, "नाना, तुमची पोरगी तं जुगाराच्या टेबलावर उभी राह्यते."

आठवड्यानं मला नानांचा फोन आला. "भाऊ, तुम्ही चार गावं पाह्यलेला माणूस. चला संगं. डोळ्यानं पाहून येतो. नाही पटलं तं घेऊनच येतो." जायची दोन तिकिटं काढली, परतीची तीन. तिसरं रोहिणीच्या नावाचं.

धुळ्याहून निघताना बायकोनं अहिराणीत बजावलं, "जठे जाशात तठे जा, पन बठ्ठा पैसा उडाईसन येऊ नका!" म्हणजे सगळा पैसा उडवून येऊ नका. भुसावळला मुक्काम करून सकाळची थेट गोव्याची गाडी धरली. थ्री टायर एसीला माणशी सोळाशेच्या आसपास पडतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जा. नाताळ जवळ आला की खोल्यांचे भाव दुप्पट होतात. आणि दूधसागर धबधब्यासाठी खिडकीवरून भांडू नका, गाडी तिथून जाते तेव्हा मिट्ट काळोख असतो.

नानांजवळ एक बॅग आणि एक गोणी होती. गोणीत भरताची हिरवी वांगी आणि ती ठेचायची लाकडी बडगी. पुण्याला चढलेल्या एका बाईंनी विचारलं, "काका, गोव्याला लोक मासे खायला जातात, तुम्ही वांगी घेऊन चाललात?"

"पोरीले आवडते," नाना म्हणाले. घरी न्यायला निघालेला माणूस तिच्यासाठी दहा किलो वांगी का नेतो, हे मी विचारलं नाही.

पहाटे मडगाव, तिथून तासाभरात बसनं पणजी. बाजाराजवळच्या लॉजवर दोघांत अठराशेची स्वच्छ खोली मिळाली. रोहिणीला आम्ही दुसऱ्या दिवशी येणार असं सांगितलं होतं. नानांना ती नकळत बघायची होती.

संध्याकाळी जेटीवर गेलो. नदीत जहाजं अशी उजळली होती की पाण्यात दुसरं शहर वसल्यासारखं दिसत होतं. प्रवेश माणशी तीन हजार, त्यात जेवण आलं. वय एकवीसच्या वर हवं, आधार कार्ड हवं, बॅग बाहेर ठेवायची. आणि पुरुषांना चप्पल चालत नाही. माझ्या पायात कोल्हापुरी होती. मला बाजारात परत जाऊन साडेचारशेचे बूट घ्यावे लागले. नानांना कोणी अडवलं नाही. त्यांनी प्लांटमधले जाड काळे सेफ्टी बूट पॉलिश करून घातले होते.

फेरीबोटीत इंदूरचे दोन भाऊ भेटले, कापडाचे व्यापारी. "बाबूजी, पहली बार?" नानांनी मान हलवली. "टेन्शन मत लो, हम भी सिर्फ खाने और गाना सुनने आते हैं." हे खरं निघालं. वरच्या मजल्यावर गाणी, नाच, जेवणाच्या रांगा. एका टेबलाला सुरतचं अख्खं कुटुंब, आजीसकट. अनोळखी माणसं पाच मिनिटांत एकमेकांना 'कहाँ से?' विचारतात. एकट्यानं गेलात तरी एकटं वाटणार नाही.

रोहिणी खालच्या मजल्यावर होती. काळं जाकीट, केस घट्ट बांधलेले. आम्ही खांबाआड उभे राहिलो. टेबलावर हरत बसलेल्या एकाचा आवाज चढला होता.

"मॅडम, आज आमच्यावर एवढा राग का?"

"राग पत्त्यांना नसतो, सर," ती शांतपणे म्हणाली आणि पुढचा पत्ता सरकवला. टेबलावरचे बाकीचे हसले, तोही हसला. नानांची मूठ आवळलेली होती, ती सैल झाली.

शेजारच्या टेबलांवर पत्ते वाटणारी माणसं ठरावीक वेळानं बदलत होती. नवीन माणूस मागे उभा राहायचा, मग जुना बाजूला व्हायचा. साडेनऊला सगळ्या टेबलांवरची माणसं बदलली, रोहिणीचं टेबल सोडून. नाना घड्याळ पाहू लागले.

"रिलिव्हर आला नाही हिचा."

"येईल की."

"वीस मिनटं झाली, भाऊ. पाहा, एकदा तरी मान वर केली का तिनं? घड्याळाकडं पाह्यलं का?"

ती पत्ते वाटतच होती. पहिल्या डावाला होता तोच वेग, तोच चेहरा. शेवटी एक मुलगा धावत आला. रोहिणीनं दोन्ही तळहात टेबलावर उघडून दाखवले, उलटे करून दाखवले, हातात काही लपवलं नाही याची खूण म्हणून, आणि मग बाजूला झाली.

"चार्ज दिला," नाना हळूच म्हणाले. "आम्ही रजिस्टरवर सही करून उठायचो, हे हात दाखवून उठतात." मग पुढं म्हणाले, "हिचा जन्म झाला तवा मी प्लांटमधे पॅनलवर होतो. दवाखान्यातून निरोप आला, पण माझा रिलिव्हर आला नव्हता. युनिट सोडून जाता येते का? चार तासांनी पाह्यली हिले."

रोहिणी आमच्याच बाजूनं येत होती. तिची नजर आधी खाली गेली, नानांच्या त्या बुटांवर. मग वर. पाहुण्यांशी घरचं बोलायला तिथं मनाई आहे. ती न थांबता, ओठही न हलवता म्हणाली, "नाना, वरच्या मजल्यावर शाकाहारी वेगळं आहे. जेवून घ्या. उद्या दोन वाजता घरी."

नानांनी त्या रात्री दोनदा गुलाबजाम घेतले.

दुसऱ्या दिवशी फेरीनं नदी ओलांडून बेतीला तिच्या घरी गेलो. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. रोहिणी दोघींबरोबर राहते, एक नेपाळची, एक मिझोरामची. वांगी भाजायला आमच्याकडं कपाशीच्या काड्या लागतात. तिथं अंगणात नारळाच्या वाळक्या झावळ्या पेटवल्या. घरमालकीण धावत आली, "कितें जळटा गो?" तिला पाट दिला. बडगीत हिरवी मिरची, लसूण आणि वांगी ठेचली गेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. नेपाळची मुलगी तिखटानं रडत रडत तिसऱ्यांदा वाढून घेत होती.

जेवताना रोहिणी म्हणाली, "नाना, मी खोटं बोलले. तुम्ही खरं ऐकलं असतं तर येऊच दिलं नसतं."

"नसतंच दिलं," नाना म्हणाले. मग पुरीचा तुकडा मोडत, "पन तो रिलिव्हर. रोज असाच उशिरा येते का? त्याची तक्रार कर. तोंडी नाही, लिहून."

तिकिटाचा विषय कोणी काढला नाही.

परतीच्या गाडीत तपासनीस आले. यादीवर बोट ठेवून म्हणाले, "तिसरा प्रवासी?"

मी नानांकडं पाहिलं. त्यांनी खिशातून ते तिकीट काढलं, नीट घडी केली आणि परत ठेवलं.

"नाही आली," ते म्हणाले. "ड्यूटीवर आहे."

माझ्या वाट्याचा खर्च सगळा मिळून आठ-नऊ हजार झाला. जहाजावर एकही डाव खेळलो नाही. घरी कोणी विचारलं की मी रोषणाईचं सांगतो, पण डोळ्यांपुढं येतात ते टेबलावर उघडलेले दोन रिकामे हात.

थंडी सरायच्या आत रोहिणीला चार दिवस रजा मिळेल असं दिसतं. मिझोरामच्या मैत्रिणीलाही ती घेऊन येणार आहे. नाना कपाशीच्या काड्या राखून आहेत. मळ्यात भरिताचं जेवण होईल, अख्खी कॉलनी येईल, रावेरचे ते व्यापारीसुद्धा. त्यांना आमंत्रण द्यायला नाना स्वतः जाणार आहेत.

"त्यांनी सगळ्यांपुढं विचारलं तर?" मी फोनवर म्हणालो.

"विचारू द्या नं," नाना म्हणाले. "मी तं वाटच पाहून राह्यलो."