ऐकू आलं होतं

एका वेळी चार कामं करता येतात, याचा मला अभिमान होता. पलूसजवळच्या आमच्या गावात बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करत होते. नवरा सैन्यात. घरी मी, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. मीटिंग चालू असताना मी भाजी निवडायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचे, मधेच माईक बंद करून दारात आलेल्याशी बोलायचे. कुणी हाक मारली की नुसतं बोट वर करायचं, म्हणजे एक मिनिट थांब. मुलीला त्याची सवय झाली होती. सासूबाईंनाही. त्यांना मी आत्या म्हणते.

आमच्या दोन म्हशी आणि एक गाय. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला आत्या कडबाकुट्टीवर वैरण कापायच्या. आमचं हे यंत्र मोटारीवर चालतं. एका बाजूने वैरण सारायची, दुसऱ्या बाजूला बारीक तुकडे पडतात. सारणाऱ्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी बटणापाशी उभं राहायचं, असा घरातला नियम होता. ते काम माझं.

त्या दिवशी नेमकी पाचलाच मीटिंग लागली. आत्या म्हणाल्या, "तुझं काम हाय तर होऊ दे. मी थांबते वाईच."

"थांबू नका. नुसतं उभंच तर राहायचंय," मी म्हणाले.

एका कानात इयरफोन घालून मी उभी राहिले. दुसरा कान मोकळा ठेवला होता, तेवढं पुरेल असं वाटलं. पाच-सात मिनिटांनी साहेबांनी मला विचारलं, की तुमच्याकडचं काम मागे का पडलं. मी शब्द जपून वापरत उत्तर देऊ लागले.

"बंद कर! बंद कर गं!"

आत्यांचा आवाज मला ऐकू आला. शब्दन् शब्द आला. पण त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला नाही. कान दोन असले तरी ऐकणारी मी एकटीच होते, आणि ती तेव्हा पुण्यात होती. आत्यांकडे न बघता मी बोट वर केलं आणि वाक्य पुरं केलं.

मग त्या किंचाळल्या.

बटण बंद केल्यावरही चाक थोडा वेळ फिरत राहिलं. वैरणीबरोबर बांगडी अडकून त्यांचा उजवा हात आत ओढला गेला होता. शेजारच्यांनी गाडी काढली. टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा हात मांडीवर धरून मी बसले, तेव्हा कानात अजून कुणीतरी म्हणत होतं, "हॅलो, तुमचा आवाज येत नाही."

सांगलीच्या डॉक्टरांनी हात वाचवला. दोन बोटं वाचली नाहीत.

तिसऱ्या दिवशी आत्यांनी विचारलं, "तुला ऐकू न्हाई आलं व्हय गं?"

"नाही आत्या. मशीनचा आवाज होता ना."

त्यांनी कूस बदलली. नवऱ्यालाही मी फोनवर हेच सांगितलं. गावात सगळ्यांना हेच सांगितलं. लोक मलाच धीर देऊन जायचे.

घरी आल्यावर आत्या डाव्या हाताने जेवायला शिकल्या. भाकरी मात्र थापता येईना. परातीत पीठ घेऊन बसायच्या आणि थोड्या वेळाने परात माझ्याकडे सरकवायच्या. वेणी मी घालून द्यायचे. पाच ते सहा मी कामावर नसेन, असं मी कंपनीला कळवलं. वैरण मी कापू लागले आणि बटणापाशी आत्या उभ्या राहू लागल्या. माझ्या हातावरून त्यांची नजर एकदाही हलायची नाही. ते मला सोसेना.

एका सकाळी त्यांचे केस विंचरताना मी बोलून गेले, "आत्या, मला ऐकू आलं होतं."

 त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. बोट वर केलं व्हतंस तू. बघितलं मी."

फणी माझ्या हातातच राहिली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू बोलतीस का, बघत व्हते."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, रागावल्याही नाहीत. "कवा कवा लय राग येतो तुझा," त्या म्हणाल्या. "भाकरीच्या टायमाला तर येतोच. कवा न्हाई येत. आता खोटं कशाला बोलू? घाल वेणी."

मी वेणी घातली. मग अंगणात जाऊन नवऱ्याला फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.  

"आई जेवली का?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"तिला वाढ आधी," तो म्हणाला. "मग बोलू."