निघतो म्हणणारा मेव्हणा

आमच्या मेव्हण्याइतक्या वेळा ‘निघतो’ म्हणून न निघालेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, देगलूरचा. लातूरला कामासाठी आला की मुक्काम आमच्याकडे. परतीच्या दिवशी सकाळीच ‘निघतो दाजी’ म्हणून पाया पडायचा आणि सोफ्यावर टेकायचा. चपला घालायचा आणि चपलांसकट पंखा का कुरकुरतो याचा शोध लावत बसायचा. जिन्यात शेजारचे चाचा भेटले की त्यांच्याकडे चहा, आणि मग स्वारी पुन्हा वर यायची ती चाचांचा बिघडलेला मिक्सर घेऊनच. एसटी तोवर उदगीर ओलांडून गेलेली असायची. "दुसरी हाय की अक्का," असं तो बहिणीला सांगायचा आणि ती मुकाट्यानं कुकर लावायची.

धंदा कॉम्प्युटरचा. एका डाळमिलच्या वजनकाट्यासाठी त्यानं प्रोग्राम लिहिला होता आणि गिऱ्हाईक काय ते एवढंच. त्या प्रोग्राममध्ये सगळी कामं एकाच वेळी चालत: एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, वजन घेई, दुसरा पावती छापी, तिसरा भोंग्यावरून गाड्यांना हाका मारी. मधोमध इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषा. मिलचे नियम एका वेगळ्या सोप्या भाषेत लिहिलेले. ते वाचून हा दुभाषा एकेका थ्रेडला अर्थ सांगायचा. सगळं झकास, फक्त बंद होताना रोज घोळ. बंदचं बटण दाबलं की भोंगा "पुढची गाडी काट्यावर" एवढंच बोलून गप्प. घ्यावी की घेऊ नये हे न कळून ड्रायव्हर गाडी निम्मी चढवून बिडी ओढत बसायचा. शेवटी वायर उपटावी लागायची आणि शेवटची वजनं पुसली जायची.

"तुमचा प्रोग्राम बी तुमच्यासारखाच हाय," एके दिवशी मी त्याच्याबरोबर मिलमध्ये गेलो होतो, तेव्हा मिलचे मालक माझ्यादेखत त्याला म्हणाले. "निघतो म्हनतो अन् बसून ऱ्हातो. आज नीट बंद झाला न्हाई, तर काढून टाका."

मेव्हणा तेव्हा मालक आणि तेलंगणातून आलेला एक ड्रायव्हर यांच्यात तेलुगू-मराठी करून देत होता. बोलणं त्याला इतकं लागलं, की जन्मात पहिल्यांदाच ‘निघतो’ न म्हणता तो निघाला. मी मागोमाग. फाटकाशी त्यानं वळून पाहिलं, तर मालक आणि ड्रायव्हर एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.

"दाजी," तो म्हणाला, "प्रोग्राम बंद करताना मी रोज दुभाष्यालाच आधी घरी पाठवून राहिलो. बाकीचे त्याच्या उत्तराची वाट बघत तसेच उभे."

तो परत गेला, ड्रायव्हरचं बोलणं पुरं करून दिलं आणि कॉम्प्युटरपुढे बसला. आधी नवीन काम घेणं थांबवायचं, मग प्रत्येक थ्रेडला हातातलं काम संपवू द्यायचं, सगळे गेल्याची खात्री करायची आणि मगच दुभाष्याला रजा द्यायची. संध्याकाळी त्यानं बटण दाबलं. भोंग्यानं आपलं वाक्य पुरं केलं, पावती बाहेर आली, स्क्रीन काळी झाली.

"गेला की," मालक म्हणाले.

"दुभाष्यानं शेवटीच निघायचं असतं अक्का," असं घरी येऊन बहिणीला सांगत त्या दिवशीही त्यानं एसटी चुकवली.

आता तिथं काम उरलं नाही, म्हणून मेव्हणा लातूरला येत नाही. घर फार शांत वाटतं. त्याची आठवण येते, अगदी रोज येते. परवा बाजारात मालक भेटले, तेव्हा मी जरा आशेनंच विचारलं, "प्रोग्राम काही त्रास देतो का हो?"

"न्हाई न्हाई, लई नीट बंद होऊन राहिला," ते खुशीत म्हणाले.

ही बातमी बायकोला कशी सांगावी, या विचारात मी घरी आलो.