त्या दिवशी घरात पाहुणे नव्हते

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. कितीदा वही उघडली, वर तारीख घातली आणि खाली वाण्याकडच्या सामानाची यादी लिहून उठलो. लोकांना मी सांगत आलो ते असं : आमच्या होमस्टेचं काम बघणारी तळा गावची मुलगी आम्हाला ऐन हंगामात सोडून गेली. हे खोटं आहे. ती का गेली ते तिला ठाऊक आहे, माझ्या बायकोला ठाऊक होतं आणि मला आहे. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. खरं काय ते आता लिहून ठेवतो.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आम्ही घराच्या मागच्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो. मांडव्याच्या जेट्टीपासून रिक्षाने अर्धा तास. नारळ-सुपारीची वाडी, वाडी संपली की समुद्र. बायकोच्या हाताला चव. माझा मात्र जन्म सरकारी कचेरीत गेलेला. फायली सांभाळता यायच्या, माणसं नाही. एकदा तर मी एकच खोली दोन कुटुंबांना देऊन बसलो आणि दोन्ही कुटुंबं एकाच लाँचमधून उतरली. ते कानावर गेल्यावर पुण्याच्या मुलाने मला न विचारताच एक व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली.

"म्हणजे कम्प्युटर का रे?" मी फोनवर विचारलं.

"नाही बाबा, माणूस आहे. मुलगी आहे एक. तळ्याला स्वतःच्या घरी बसून तुमचं काम बघेल. फोन, मेसेज, बुकिंग, सगळं."

बायको शेजारी विळीवर नारळ खोवत होती. ती म्हणाली, "म्हणजे दिसत नाही, पण सगळं बघते. देवीसारखी."

"देवी पगार मागत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलंत कधी तिला?"

तर अशी ती आमच्या घरात आली, म्हणजे फोनमध्ये आली. तीन वर्षं तिने आमचं घर चालवलं, इथे पाऊलही न टाकता. बुकिंगचं एक कॅलेंडर तिने केलं होतं. ते तिच्याकडे असायचं आणि माझ्याही फोनवर दिसायचं. पाहुणा असलेला दिवस हिरवा, नसलेला पांढरा. सकाळी सातला तिचा मेसेज यायचा : "काका, आज चार माणसं, अकराच्या बोटीने. एकजण लसूण खात नाहीत. काकूंना सांगा." मी फक्त सांगायचो.

नाराज पाहुण्यांना उत्तरंही तीच लिहायची, माझ्या नावाने. वीज गेली, आमटी खारट झाली, शेजारच्यांचा कुत्रा रात्रभर भुंकला... सगळ्यांची माफी तिने मागितली. सुरुवातीला एका पाहुण्याला मीच उत्तर लिहिलं होतं. वीज मंडळापासून वादळी वाऱ्यापर्यंत सगळ्यांची त्यात हजेरी. ते वाचून तिने फोन केला. "काका, माफी मागताना कारणं नाही सांगायची. काय झालं ते लिहायचं, चूक आपली म्हणायचं आणि थांबायचं."

"आणि वीज मंडळ?"

"वीज मंडळ त्यांची माफी मागेल," ती म्हणाली आणि हसली.

आमच्या जाहिरातीतली सगळ्यात गाजलेली ओळ तिचीच. बायकोने एकदा व्हिडिओ कॉलवर तिला आख्खं स्वयंपाकघर दाखवलं. कोपऱ्यातली चूल, पितळी डबे, वाडीकडची खिडकी. त्यावरून तिने लिहिलं : "आमच्याकडे पाहुणे ओटीवर थांबत नाहीत, थेट स्वयंपाकघरात येतात." लोक ती ओळ वाचून यायचे. मुंबईहून उतरलेली माणसं चुलीपाशी पाट घेऊन बसायची, घावन घालून बघायला मागायची, डब्यांची झाकणं उघडून वास घ्यायची. एक गृहस्थ तर फोटोसाठी ओट्यावर चढून बसले होते. त्यांतल्या एकालाही मी कधी विचारलं नाही की तुम्ही कोण, कुठले, कुणातले.

बायको एकदा माहेरी गेली होती तेव्हाची गोष्ट. मला मेथीदाणे सापडेनात. मी तळ्याला फोन लावला. "वरची फळी, डावीकडून तिसरा डबा," ती म्हणाली. "झाकणाला पोचा आहे बघा." डबा तिथेच होता.

हे वाचून कुणाला वाटेल की आमचं फार घरोब्याचं होतं. मलाही तसंच वाटायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचो, मुलगी आहे ती आमची. आडनाव मला ठाऊक नव्हतं, पगार पुण्याहून मुलगा पाठवायचा. वडील शाळेत मास्तर होते एवढं ती बोलली होती. त्यावरून मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्यातलेच असतील.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत ती म्हणाली, "काका, एकदा येऊन बघायचंय. आईलाही आणते. तिचा विश्वासच बसत नाही, मी काय काम करते त्यावर."

"अगं, ये की! घर तुझंच आहे," मी म्हणालो. हे शब्द माझेच.

मंगळवार होता. दोघी रोह्याला गाडी बदलून आल्या. बायकोने सकाळपासून तयारी मांडली होती. आत चुलीपाशी चार पाट, घावनांचं पीठ भिजवलेलं. मी फाटकापाशी गेलो. मुलगी फोटोत दिसायची त्याहून ठेंगणी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तिच्या आईच्या हातात कडव्या वालांची पिशवी होती. पिशवी डाव्या हातात घेऊन त्या बाईंनी उजवा हात छातीशी नेला आणि मोठ्या, मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "जय भीम, दादा! लय ऐकलंय तुमच्या घराचं. पोरगी झोपेत पन सांगते, कुठला डबा कुठे हाय."

मला धक्का बसला. हे लिहायला नको वाटतं, पण बसला. आणि त्याहून मोठा धक्का पुढच्याच मिनिटाला बसला, माझाच मला. आम्ही ओटीवर आलो. मुलगी चपला काढून आतल्या दाराकडे वळली. वाट तिला पाठच होती. मी दोन पावलं पुढे झालो, दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "इथेच बसू या ओटीवर. आत पाहुणे जेवतायत."

ती थांबली. एक पाय उंबऱ्यापाशी होता, तो तिने मागे घेतला.

मी काय बोललो ते माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला. आज घरात कुणी पाहुणा आहे की नाही हे जगात एका माणसाला नक्की ठाऊक होतं, आणि ती माझ्यासमोर उभी होती. तो दिवस तिनेच मोकळा ठेवला होता. मी दारातून हललो नाही. वाटलं, ती म्हणेल, "काका, आज बुकिंग नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा आकडा दोनदा तपासून घ्यावा तसं पाहिलं आणि म्हणाली, "हो का काका."

एवढंच. मग आईशेजारी बाकावर जाऊन बसली.

तेवढ्यात पदराला हात पुसत बायको बाहेर आली. "अगं, तिथे काय बसलात? आत या ना, तवा तापलाय!"

तिची आई उठायला लागली. मुलीने आईच्या मनगटावर हात ठेवला. "नको काकू. चारची गाडी आहे, चुकेल. इथेच चहा घेतो."

"आत्ता कुठे बारा वाजतायत!"

"रोह्याला काम आहे थोडं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर माडाकडे बघत होतो. दोघींनी ओटीवर चहा घेतला. तिच्या आईने चहाचं कौतुक केलं, नारळांचं केलं, अगदी आमच्या फाटकाचंही केलं. जाताना मुलगी कप-बशा उचलून आत ठेवायला म्हणून सवयीने उठली आणि मग तशाच बाकावर ठेवल्या.

त्यांची रिक्षा वळल्यावर बायकोने मला विचारलं, "जेवले का हो तुमचे पाहुणे?"

तिला ओटीवरचं सगळं ऐकू आलं होतं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कडवे वाल तिने त्याच संध्याकाळी भिजत घातले, मोड आणले, एकेक सोलून बिरडं केलं आणि माझ्या ताटात वाढलं. समोर बसून राहिली.

त्या येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेसेज आला : "काका, आज दोन माणसं, नऊच्या बोटीने." मला हायसं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. वाटलं, तिने मनावर घेतलं नाही. महिनाभर तिने एक चूक न करता काम केलं. महिन्याच्या शेवटी मुलाला रीतसर कळवलं की पुढे जमणार नाही. सगळे पासवर्ड, वाणसामानवाल्यांचे नंबर, उत्तरांचे नमुने असं सगळं एका फाइलमध्ये लावून पाठवलं.

पुढचं माझं खोटं. त्या सुमारास आमच्या भागातले होमस्टेवाले एकत्र बसले होते. तिघांना तिला काम द्यायचं होतं, मीच पूर्वी तिची शिफारस केली होती. त्यांनी विचारलं, "काय हो, तुमची ती तळ्याची मुलगी घेऊ का?" मी म्हणालो, "हुशार आहे, पण मध्येच सोडते. भरवसा नाही." तिघांनीही तिला घेतलं नाही. ज्या मुलीने तीन वर्षांत एक सकाळ चुकवली नव्हती, तिच्याबद्दल मी हे बोललो, चहा पीत पीत.

काही महिन्यांनी कॅलेंडर मीच बघायला शिकलो. मागे जात जात त्या मंगळवारावर आलो. चौकोन पांढरा नव्हता. तिने तो पिवळा केला होता, दुसरा कुठलाच दिवस पिवळा नव्हता. आत लिहिलं होतं : "आई आणि मी. बुकिंग घेऊ नये. स्वयंपाकघर बघायचं."



त्यानंतर एकदा तिला फोन केला होता. बोलायचं पाठ करून केला होता. "बोला काका," ती म्हणाली, तोच आवाज. आणि मी विचारलं, "ते जाहिरातीतले फोटो कसे बदलायचे गं?" तिने पायरी पायरीने सांगितलं. झालं का, म्हणून थांबून विचारलं. मी झालं म्हणालो. तिने "ठेवते" म्हटलं आणि ठेवला.

जाहिरातीतली ती ओळ मी त्यानंतर काढून टाकली. बायको म्हणाली, "बरं केलंत. खोटी होती." बायकोला जाऊन आता दोन वर्षं झाली. खोल्या बंद आहेत. त्या तिघांना मी मागच्या महिन्यात एकेकाला भेटून खरं सांगितलं. एकाने विषय बदलला, एकाला आठवतही नव्हतं. तिसरा म्हणाला, "आता काय उपयोग?"

तिची फाइल माझ्याकडे आहे. 'नाराज पाहुणे' या मथळ्याखाली तिने माझ्यासाठी लिहून ठेवलंय : काय झालं ते लिहा. चूक आपली म्हणा. कारण देऊ नका. थांबा. म्हणून माणसाला दारात अडवणं मी कुठे शिकलो, घरात काय चालत आलं होतं, यातलं काही इथे लिहीत नाही. तिचा नंबर फोनमध्ये आहे. पुढचा मजकूर मी कितीदा टाइप केला आणि पुसला :

तू आणि तुझी आई आलात त्या दिवशी घरात एकही पाहुणा नव्हता. चुलीपाशी चार पाट मांडलेले होते. त्यांतले दोन तुमचे होते. तुम्ही कोण आहात हे कळल्यावर मी दारात आडवा उभा राहिलो आणि तुला खोटं सांगितलं. तू गेल्यावर तुझ्याबद्दल लोकांना खोटं सांगितलं आणि तुझी कामं घालवली. चूक माझी. तुझी माफी मागतो, आणि तुझ्या आईची.