ताईची दोरी

धाकटी जन्मापासून आंधळी होती. दिवसभर ती दवाखान्यातले फोन घ्यायची आणि संध्याकाळी थोरल्या बहिणीच्या मनगटाशी दोरीने मनगट बांधून मैदानावर पळायची. वेग ठरवायचा तो ताईने. "आता दम राख", "आता सोड पाय" हे तीच सांगायची.

अंध धावपटूंच्या निवडीच्या शर्यतीत शेवटच्या फेरीलाही धाकटीच्या पायांत जोर होता. पुढच्या जोडीची पावलं हाताच्या अंतरावर वाजत होती. तेवढ्यात दोरी मागे ओढ खाऊ लागली. ताईचा श्वास भात्यासारखा चालला होता. तिची चाळिशी कधीच उलटली होती, पण त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नसे. दोरी सुटली तर दोघी बाद, असा नियम. धाकटीने मुकाट्याने पाय आवरले.

त्या चौथ्या आल्या. निवड तिघींचीच व्हायची होती.

"दमलीस ना गं?" ताई धापा टाकत म्हणाली. "होतं असं. पुढच्या वर्षी बघू."

"हो ताई, आज पायच उचलेनात."

ताई तिच्या पोटऱ्या चोळत बसली. पुढच्या वर्षीही आपल्याला ताईच पळवणार, या विचाराने धाकटीला रडू कोसळलं. ताईला वाटलं, पोरगी हरल्याचं रडतेय.