अनंताचा मूळ आवाज कुठे आहे?

दसऱ्याला अनंत कुलकर्णीच्या घरातून फिल्मचे डबे नेले गेले. होळीला त्यांवरून काढलेली चित्रपटाची डिस्क बाजारात आली. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले…" या तिसऱ्या दिवसाचा दोष मी कोणालाही देत नाही. तो आजार होता. होळीच्या दिवसाला मात्र दोघे जबाबदार आहेत : डिस्क काढणाऱ्या उल्हासनगरच्या कंपनीचे संचालक आणि त्यांचा ध्वनिविभाग.

अनंत आणि मी अंबरनाथच्या एकाच कारखान्यात अधिकारी होतो. तो उत्पादनात, मी कामगार कायद्याच्या कामात. तरुणपणी रजा टाकून त्याने एका कृष्णधवल मराठी चित्रपटात रक्तपिपासूची भूमिका केली. चित्रीकरण मोरिवलीच्या पलीकडे एका बंद बंगल्यात झाले. कॅन्टीनमध्ये कामगार विचारत, "साहेब, आज कोणाचं रक्त?" तो म्हणे, "मॅनेजमेंटने माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय का?" चित्रपट गाजला तो त्याच्या आवाजामुळे. हे पिशाच्च कधी ओरडत नसे. दाराबाहेर उभे राहून अगदी आर्जवाने विचारी, "आत येऊ?"… आणि थिएटरात माणसे खुर्चीचे हात घट्ट धरत.

पुढे कर्करोगामुळे त्याचे स्वरयंत्र काढावे लागले. त्याचा आवाज उरला तो त्या चित्रपटातच, आणि निर्मात्याने दिलेली बहुधा एकमेव प्रत त्याच्या कपाटात होती. कंपनीची माणसे ती मागायला आली, तेव्हा मी लेखी कराराचा आग्रह धरला. अनंताने पाटीवर लिहिले, "आपल्याकडे चहा प्यायलेल्या माणसाकडून सही कशी मागायची?" डबे तसेच गेले.

होळीच्या संध्याकाळी कात्रपला त्याच्या घरी आम्ही तिघे डिस्क लावून बसलो. चित्र लख्ख झाले होते. पडद्यावरचा तो दारापाशी आला, ओठ हलले, आणि नव्याने घातलेल्या ढोलांच्या दणक्यात एक परका, गडगडता आवाज बाहेर पडला. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, हे कोण बोलतंय?" अनंताने पाटी उचलली, खडू टेकवला… आणि काहीही न लिहिता ती खाली ठेवली.

मी कंपनीत गेलो. ध्वनिविभागाचे प्रमुख हसून म्हणाले, "काका, ओरिजिनल साउंड में दम नहीं था. आता बघा ना, कसला भारी वाटतो!" मी डबे परत मागितले. "शोधून सांगतो," म्हणाले. त्यानंतर माझ्या एकाही पत्राला उत्तर आले नाही. अनंत वाट पाहतच गेला.

आता वहिनी दुपारी ती डिस्क लावतात, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. त्याच्या ओठांबरोबर त्याचे संवाद पुटपुटतात. परवा मला म्हणाल्या, "शब्द सगळे पाठ आहेत हो. पण आवाज… तो आता निसटायला लागलाय."

म्हणून संचालकांना माझा जाहीर प्रश्न आहे : अनंताचा मूळ आवाज तुमच्याकडे सुरक्षित आहे, की तुम्ही तो नष्ट केलात? उत्तर मला टपालाने नको. याच पुरवणीत, स्वतःच्या नावानिशी द्या. वहिनी ही पुरवणी वाचतात.