मेलेल्या कारकूनबाईचं तोंड

मावशीचा आवाज मुळातच कोरडा. बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसून तिने अठ्ठावीस वर्षं गाड्या सुटल्याच्या आणि रद्द झाल्याच्या सूचना दिल्या. गाडी वेळेवर असो नाहीतर घाटात अडकलेली, हिचा सूर तसूभर हलला नाही. घरातले म्हणत, हिला बारशाचं आमंत्रण करायला पाठवलं तरी लोक सामान उचलून उभे राहतील.

निवृत्तीनंतर हा आवाज कुणाच्या उपयोगी पडेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. पडला तो भाच्याच्या. भाचा आणि भाचसून घरातल्या मागच्या खोलीत इंटरनेटसाठी छोटी कार्टूनं बनवायचे, आणि तीही पोराबाळांची नव्हेत. त्यांच्या कार्टूनात एक कचेरी होती. तिथला साहेब म्हणजे टेबलफॅन, जो दिवसभर मान हलवून सगळ्यांना नाही म्हणायचा. शिपाई म्हणजे बटाटा; त्याला कोंब फुटला की बढती. आणि नायिका होती एक मेलेली कारकूनबाई. तिच्या मरणाची नोंद झालेली, पण रजेचा अर्ज मंजूर नाही, म्हणून बिचारी रोज दहाच्या ठोक्याला हजर. दर भागात ती नव्याने मरायची. कधी कपाट अंगावर पडून, कधी लिफ्ट समजून रिकाम्या जागेत पाय टाकून. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर. तिला मावशीचा आवाज असा काही बसला की बघणारे पोट धरून हसायचे.

त्यांची एक पद्धत ठरलेली होती. आधी आवाज, मग चित्र. मावशी बोलणार, आणि भाचसून ते ऐकत ऐकत बाईचं तोंड काढणार, अक्षराअक्षराला वेगळं. "माझ्या तोंडाला तोंड देणारी घरात ही एकटीच," मावशी म्हणायची.

मग मावशीला झटका आला. जिवावरचं निभावलं, पण डावा हात लुळा पडला, डावा गाल उतरला आणि जीभ जड झाली. शब्द डोक्यात तयार असायचे, तोंडात येऊन अडायचे. बोलणं सुधारायला येणाऱ्या बाईंनी गोष्टीचं पुस्तक वाचायला सांगितलं. मावशीने ते बाजूला सारलं आणि रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून आपल्या जुन्या गाड्या सोडायला लागली. सहा महिने, एक दिवस खाडा नाही. खालचा शिंपी वर बघून विचारायचा, "काकू, आज कुठली रद्द?" तीही उत्तर द्यायची, वेळ लागला तरी.

एका दुपारी ती चहा घेऊन मागच्या खोलीकडे निघाली आणि दारातच थबकली. आतून तिचाच आवाज येत होता. खणखणीत, सरळ, झटक्याआधीचा.

"आज मला दोनदा मरायचं आहे. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळावी."

हे वाक्य ती जन्मात बोलली नव्हती. क्षणभर तिला खरंच वाटलं, आपण गेलो आणि आपल्याला कुणी कळवलं नाही. मग राग आला, आणि रागाने बरं वाटलं.

"हे मी... कधी बोलले?"

भाचा चोरी पकडल्यासारखा उठला. "मावशी, जुन्या भागांतले शब्द कापून जोडलेत. तुला त्रास नको म्हणून."

"त्रास मला... की तुला?"

"तसं नाही गं. वाक्य चार सेकंदांत बसायला हवं. तोंडं काढून झालीत. तुला आता..." तो थांबला.

"मला किती... लागतात?"

"अकरा," तो खाली बघून म्हणाला.

"म्हणजे मोजलंस."

भाचसुनेने मध्ये पडून चहाचा कप घेतला. "मावशी, आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं. आता ऐका." मावशी खुर्चीवर टेकली. "आवाज आधी, तोंड मागून. हा उफराटा कारभार... कुणी सुरू केला? मी जिवंत बसलेय शेजारच्या खोलीत. तोंडं पुसा. माईक लाव."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. आठवडाभराचं काम होतं ते. पण मावशीपुढे आजवर कुणाची मात्रा चालली नव्हती, आणि झटक्याने त्यात काही फरक पडला नव्हता.

पहिल्यांदा "अर्ध्या" घसरलं. दुसऱ्यांदा लाळ आली, तिने पदराने टिपली. पाचव्यांदा ती "मिळावी"पर्यंत पोचली आणि दम संपला. भाचा म्हणाला, "मावशी, बास आता, उद्या करू."

"मशीनला हात लावशील तर... खबरदार!"

नवव्यांदा वाक्य पुरं झालं. प्रत्येक शब्द जणू जिना चढून वर येत होता, मध्ये थांबत होता, आणि मग थंडपणे मरायची परवानगी मागत होता. भाचसुनेला हसू आवरेना. तिने तोंडावर हात दाबला, भाच्याने डोळे वटारले.

"हसू दे तिला," मावशी म्हणाली. "त्यासाठीच तर... बोलतेय."

आठव्या दिवशी भाचसुनेने तिला पडद्यासमोर बसवलं. आवाज मावशीचा, आजचा. कारकूनबाईचे ओठ त्याच्याबरोबर सावकाश उघडत होते, मिटत होते. एक चूक नव्हती. मावशीने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"हे तोंड... कुणाचं?"

"कारकूनबाईचं. पहिल्यापासून असंच आहे ना."

"आणि बोलतंय कोण?"

मावशीने भाचसुनेच्या हातातून काचेवर चित्र काढायची पेन्सिल घेतली आणि पडद्यावरच्या ओठांचा डावा कोपरा खाली ओढला. रेघ थरथरली, पण जिथे यायला हवी तिथे आली. भाचसुनेचे डोळे भरले, तिने ते लपवले नाहीत.

"मावशी, लोक विचारतील, हिला काय झालं," भाचा हळूच म्हणाला.

"विचारू देत. अशी किती तोंडं आहेत?"

"दोनशे चौदा."

मावशीने उजव्या हाताने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "दुसरं लाव."