पुनवेचं बेट

दशरथ धुरीला बेटांचं वेड होतं. तसं ते पुष्कळांना असतं, म्हणून तर फुटलेल्या गलबतांच्या, पुरलेल्या सोन्याच्या आणि बेटावर एकट्याने दिवस काढणाऱ्या माणसांच्या गोष्टी जगभर खपतात. पण बाकीचे लोक पुस्तक मिटतात आणि जेवायला बसतात. दशरथ जेवायला बसला तरी बेटावरच असायचा. पानात आमटी वाढली आहे हे त्याला दोनदा सांगावं लागे.

गोष्ट शहाऐंशी सालची. संपात गिरणी गेली आणि दशरथ अंधेरीच्या एका कचेरीत शिपाई म्हणून चिकटला. तिथे प्रत्येक साहेबाच्या टेबलावर घंटी होती. वाजवणारे हात अनेक, धावणारे पाय मात्र दशरथचे. संध्याकाळी मालाडला चाळीतल्या खोलीवर यावं, तर उंबऱ्यातच आईची हाक, मागोमाग पोरांची, आणि गावाहून दोन दिवसांसाठी म्हणून आलेल्या, पण वर्ष झालं तरी न हललेल्या अनंत मेव्हण्याची. गिरणी बरी होती, यंत्रांच्या धडधडीत कुणाची हाक ऐकूच येत नसे. दशरथला सोनं नको होतं. एक अख्खा दिवस आपल्याला कुणी हाक मारू नये, एवढंच त्याला हवं होतं. मागणं काही फार नव्हतं, पण त्या खोलीत ते पुरं होण्यातलंही नव्हतं.

मग तो पुस्तकांवर भागवायचा. वाचनालयातल्या पद्मजाबाई त्याच्यासाठी बेटाची पुस्तकं बाजूला काढून ठेवत. त्यातही त्याच्या आवडीनिवडी होत्या. एकदा त्याने एक जाडजूड पुस्तक तोंड वाकडं करून परत केलं. "बाई, ह्यात शेवटाला जहाज येऊन त्याला घरी घेऊन जातं," तो म्हणाला. "चांगलंच झालं की," बाई म्हणाल्या. "चांगलं कसलं? वाट लागली बिचाऱ्याची."

वाचलेली गोष्ट तो रात्री पोरांना सांगे. बायको, रत्नप्रभा, स्टोव्हपाशी भाकऱ्या थापता थापता ऐके.

"त्या माणसाक भाकऱ्यो कोण भाजून देय?" तिने एकदा विचारलं.

"भाकऱ्यो खयच्या? तो मासे भाजून खाय."

"आणि भांडी?"

"बेटार भांडी नसतत."

रत्नप्रभाचा हात थांबला. "भांडीच नसतत?" ती म्हणाली. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली.

शेजारचा कुंडलिक जाधव लातूरकडचा, बस डेपोत कारकून. दशरथची खेचायची एकही संधी तो सोडत नसे. "अरे येड्या, मुंबई म्हणजे बेट. आपलं मालाड साष्टी बेटावर. वीस वर्षं बेटावरच राहतोयस की तू. अजून कसलं बेट पाहिजे रे तुला?"

"बेटाच्या चारी बाजूंना पाणी लागतं," दशरथ म्हणाला. "इथं नळाला तासभर येतं."

त्याचं बेट त्याने केव्हाच हेरून ठेवलं होतं. मालाडजवळच्या मार्व्याच्या खाडीत, किनाऱ्यापासून जरा आत, एक खडप होतं, पाण्यातून डोकं काढलेला खडक. वर दोन माड आणि शेंदूर फासलेला एक दगड. कोळ्यांनी त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं. दशरथने मुहूर्त काढला तो कोकणी माणसाने काढावा तसा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा त्याच्या आज्याचा हिशोब. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पाऊणपट सव्वाअकरा. आणि पुनवेचं पाणी उधाणाचं, सगळ्यात मोठं. बेटाला चौफेर पाणी हवं तर पुनवेसारखा दिवस नाही. त्यातून माघातली पौर्णिमा रविवारी आली. सोमवारची त्याने रजा टाकली.

हे सगळं त्याने कुंडलिकला छाती फुगवून समजावलं. कुंडलिक म्हणाला, "आपल्याला समुद्रातलं काय कळत नाय बाबा. आमच्याकडं पाणी विहिरीत असतं आणि तिथंच राहतं."

आईने नवस केलाय का म्हणून विचारलं. अनंताने येताना मासे आणायला सांगितलं. रत्नप्रभाने पोह्यांचा डबा भरून दिला आणि नवऱ्याकडे जरा वेळ नुसती बघत राहिली. तिचं माहेर खाडीच्या काठावरचं. पण दशरथने तिला काही विचारलं नाही, म्हणून तिनेही काही सांगितलं नाही.

नाना कोळ्याने भर भरतीला त्याला होडीतून खडपावर उतरवलं. "परत न्यायला कवा येऊ?"

"आज नको. उद्याच्या भरतीला ये."

नानाने पाण्याकडे पाहिलं, दशरथकडे पाहिलं आणि होडी वळवली. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवून त्याचं पोट भरत नव्हतं.

चारी बाजूंनी पाणी. दशरथ माडाखाली चटई पसरून आडवा झाला आणि त्याचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी बोलावत नव्हतं. वारा माडाच्या झावळ्यांतून गेला, आणि त्याला वाटलं कुणी तरी म्हणालं, 'दशरथ'. "आलो," म्हणत तो उठून उभा राहिला. मग आपलाच राग येऊन परत झोपला. पोहे त्याने बसल्या बैठकीला संपवले. मग पुस्तक उघडलं आणि इतका रंगून गेला, की पाण्याकडे बघायचं राहूनच गेलं.

"ओ भाऊ, जरा सरका."

दशरथने मान वर केली. हातात कोयते आणि टोपल्या घेतलेल्या चारपाच बायका समोर उभ्या होत्या. "तुम्ही बसलाय ना, त्याच दगडाच्या खालच्या अंगाला कालवं चिकटलेली असतात," त्यांतली एक म्हणाली. समुद्र गेला होता. किनाऱ्यापर्यंत नुसता चिखल, त्यात खडकांची वाट, आणि त्या वाटेवरून एक कुत्रा रमतगमत बेटाकडे येत होता.

कुत्र्यामागून रत्नप्रभा येत होती. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, हातात डबा.

"पुनवेक भरती मोठी, तशी सुकती पण मोठी," ती दम खात म्हणाली. "ह्या तुमच्या आज्यान सांगूक नाय?"

सांगितलं होतं. आज्याने दोन्ही सांगितलं होतं. दशरथने हवं तेवढंच लक्षात ठेवलं होतं. तो चटई गुंडाळू लागला. इतक्या वर्षांचं स्वप्न, आणि त्यात कुत्रंसुद्धा चालत आलं. त्याला रडू येत होतं.

"ऱ्हवांदे ती," रत्नप्रभा म्हणाली. तिने खडकातल्या डबक्यात पाय धुतले आणि चटईवर बसली. आधी अवघडून, मग माडाला टेकून. कालवं फोडणाऱ्या बायका पलीकडच्या अंगाला गेल्या होत्या. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कान दिला.

"हय कोण हाक मारणा नाय," ती म्हणाली.

"नाय."

"तुमी जावा. आता नळ येयत. भात लावा, आवशीक गरम पाणी द्या. मी ह्या बायकांवांगडा येतंय."

दशरथला बरंच बोलायचं होतं. बेट माझं, मुहूर्त माझा, रजा माझी. पण तिने डोळे मिटले होते, आणि इतक्या वर्षांत तिला दिवसाउजेडी डोळे मिटलेलं त्याने बाळंतपणाखेरीज पाहिलं नव्हतं. चपला हातात घेऊन तो चिखलात उतरला. अर्ध्या वाटेवर त्याला मिठाची आठवण झाली. मागे वळून त्याने हाक मारली, "रत्ना, मीठ खयच्या डब्यात हा?" तिने मान वळवली नाही. त्याने आणखी एकदा हाक मारली, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

पुढच्या पुनवेला रत्नप्रभा सकाळीच चटई काखेत मारून निघाली. त्याच्या पुढच्या पुनवेलाही. संध्याकाळी कुंडलिक डोकावला, तर दशरथ मोरीत उकिडवा बसून राखेने टोप घासत होता.

"वहिनी कुठं?"

"बेटावर."

"एकटी? काय करते रे तिथं?"

दशरथने टोप उजेडाकडे धरून पाहिला. बुडाला अजून काळं होतं.

"बेटार भांडी नसतत," तो म्हणाला, आणि आतून आईची हाक आली तसा हात धुऊन उठला.